लॅब्रॉडॉरसाठी घरातले वासाचे खेळ: नीट लपवा, मग गप्प राहा

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात अकराव्या मजल्यावर फ्लॅट, दीड वर्षाचा लॅब्रॉडॉर आणि जुलैचा पाऊस. फिरणं जेमतेम शी-शूपुरतं उरलंय. घरात उशा फाटतायत, आणि दुपारी आई-बाबा दोघंच असतात तेव्हा तो त्यांच्या मागे मागे भुंकत फिरतो. कुणीतरी वासाचे खेळ सुचवले म्हणून ट्रीट लपवून पाहिल्या. त्या एकतर दोन सेकंदांत फस्त होतात, नाहीतर जरा अवघड जागी ठेवल्या की तो शोधणं सोडून समोर येऊन बसतो आणि तोंडाकडे बघत राहतो. घर शाकाहारी आहे, त्यामुळे चिकन आणता येणार नाही. हा खेळ शिकवायचा कसा?

या दोन तक्रारींपैकी दुसरी जास्त महत्त्वाची, म्हणून आधी तीच घेतो. शोध अर्धवट टाकून तुमच्या तोंडाकडे बघणाऱ्या कुत्र्याला वास येत नसतो असं नाही. आपण जरा वेळ बसून राहिलो की माणूस उठतो, बोट दाखवतो, "अरे, इकडे बघ ना" म्हणतो आणि खाऊ मिळतो, एवढं त्याने ओळखलेलं असतं. तुम्ही त्याला शोधायला शिकवत होतात आणि त्याने तुम्हाला दाखवायला शिकवलं. लॅबच्या बाबतीत हे फार पटकन होतं. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी आणून देण्यासाठी घडवलेली ही जात आहे. माणसाचा हात कुठे वळतोय, नजर कुठे जातेय यावर तिचं सतत लक्ष असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी पहिल्या दिवशी खेळांची यादी देत नाही. नीट लपवायचं कसं आणि नंतर गप्प उभं राहायचं कसं, एवढंच शिकवतो. दुसरं जास्त जड जातं.

माणसाच्या नजरेचा हा परिणाम किती असतो याचा एक नमुना सांगतो. २०११ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांच्या १८ जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा हँडलर, एका चर्चमध्ये शोधाला लावल्या. तिथे शोधण्यासारखं काहीच ठेवलेलं नव्हतं. हँडलरना मात्र सांगितलं होतं की माल लपवलाय, आणि काही ठिकाणी लाल कागद लावला असेल तर ती त्याचीच खूण. एकूण १४४ फेऱ्या झाल्या आणि त्यातल्या फक्त २१ फेऱ्यांत 'सापडलं' असा इशारा एकदाही आला नाही. ही सगळी नोकरीवरची, तयार कुत्री. तेव्हा तुम्ही सोफ्यामागे पनीर ठेवून सोफ्याकडे टक लावून उभे राहिलात, तर तुमचा लॅब नाक कशाला वापरेल?

आता थोडं नाकाबद्दल, कारण ते समजलं की लपवायचं कुठे हे आपोआप सुचायला लागतं. वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात साधारण पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार दहा-बारा कोटींपासून तीस कोटींपर्यंत. पण मला जास्त कौतुक वाटतं ते नाकपुडीच्या रचनेचं. जवळून बघा, नाकपुडीला बाजूने एक चीर असते. श्वास आत जातो समोरून आणि बाहेर पडतो त्या चिरेतून, बाजूला आणि मागे. त्यामुळे सोडलेली हवा पुढच्या वासात मिसळत नाही. हुंगताना तो सेकंदाला साधारण पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो. शांत खोलीत हा बारीक 'सुंसुं' आवाज ऐकू येतो. मात्र हे सगळं तोंड मिटलेलं असताना. जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. म्हणून चेंडूमागे पळवून आणल्या आणल्या वासाचा खेळ घेऊ नका. आधी पाणी पाजा, त्याला थंड होऊ द्या. पग किंवा शी-त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तर यासाठी आणखी वेळ द्यावा लागतो.

या खेळांनी कुत्र्याला खरंच काही मिळतं का? शार्लट डुरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग मला पटतो. वीस पाळीव कुत्री, दोन गट, दोन आठवडे घरी सराव. एका गटाला वासाने शोधायचं काम, दुसऱ्याला मालकाच्या पायाला पाय लावून चालायचं. दोन्हींत खाऊ होताच. आधी आणि नंतर एक चाचणी घेतली: एका ठरावीक जागी ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या जागी कधीच नसतो, मग दोन्हींच्या मधोमध भांडं ठेवलं तर कुत्रा त्याच्याकडे किती लवकर जातो? वासाचं काम केलेली कुत्री आधीपेक्षा लवकर जायला लागली, चालण्याचा सराव केलेल्यांत फरक पडला नाही. म्हणजे 'असेल काहीतरी' असं धरून चालण्याकडे त्यांचा कल वाढला. लेखिकांनी याचं कारण शोधलं ते असं की वासाच्या खेळात कुत्रा स्वतः ठरवतो, स्वतः जातो. हाही गप्प उभं राहण्याचाच मुद्दा झाला.

खाऊचं बोलूया. चिकन नसेल तर काही अडत नाही. पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा, उकडलेलं रताळं, गाजराचे छोटे तुकडे, आणि त्याचं रोजचं ड्राय फूड, एवढं पुरे. सुरुवात पनीरने करा, कारण कोरड्या दाण्यांचा वास कमी पसरतो. दाणे रात्रभर चीजच्या तुकड्यासोबत डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवले तर त्यांनाही वास लागतो. खेळात गेलेलं खाणं संध्याकाळच्या भांड्यातून वजा करायचं, यात मी सवलत देत नाही. लॅब जाड होतात, आणि ते सगळंच मालकाच्या लाडामुळे असतं असं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण दर चार लॅबमागे एकात पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. असा कुत्रा कायम भुकेला. शिकवायला फार सोपा, फुगायला त्याहून सोपा.

आता पहिला आठवडा. 'दोन सेकंदांत फस्त' होतं कारण तो डोळ्यांनी शोधतोय, किंवा तुम्ही ठेवताना त्याने पाहिलेलं असतं. त्याला बेडरूममध्ये दार लावून ठेवा. हॉलमधला पंखा बंद करा. एक कोपरा निवडा, सगळा हॉल नको. तिथे जमिनीवर किंवा त्याच्या नाकाच्या उंचीवर तीन तुकडे ठेवा, पण दिसणार नाहीत असे: खुर्चीच्या पायामागे, सोफ्याच्या कडेला, पडद्याच्या टोकाखाली. आणि हे महत्त्वाचं, तुकडे ठेवताना आणखी आठ-दहा ठिकाणी नुसता हात लावत फिरा. नाहीतर तो पनीर शोधत नाही, तुमच्या पावलांचा ताजा माग काढतो आणि जिथे तुम्ही वाकलात तिथे पोचतो. हुशारी आहेच ती, पण आपल्याला ती नकोय.

मग दार उघडा, एकदाच "शोध" म्हणा आणि भिंतीला टेकून उभे राहा. हात मागे. नजर खिडकीबाहेर. सापडलं की "वा!" म्हणून जवळ जा आणि सापडलेल्या जागीच आणखी एक तुकडा द्या. हा दुसरा तुकडा तुमच्या हातून, पण त्याच जागेवर मिळायला हवा. तुमच्या पायापाशी बोलावून दिलात तर पुढच्या वेळी तो शोधण्याआधी पायापाशीच येईल.

तो येऊन समोर बसला, की खरी परीक्षा तुमची. बोलायचं नाही, हलायचं नाही, "शोध, शोध" असा जपही नाही. बहुतेक कुत्री थोड्या वेळात कंटाळून नाक पुन्हा जमिनीला लावतात. तो क्षण डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपा, पण लगेच शाबासकी देऊ नका. तुमच्या आवाजाने तो परत तुमच्याकडे वळेल. तो बसूनच राहिला तर काही न दाखवता खोलीतून एक सावकाश फेरी मारा, लपवलेल्या जागेसमोरून जा आणि तिच्यापुढेही तितकंच चालत राहा. हलणाऱ्या माणसामागे तो येतो आणि वासाच्या पट्ट्यात शिरतो. एवढं करूनही नाहीच जमलं, तर लपवणं अवघड होतं असं समजा. त्याला बाहेर न्या, तोच तुकडा सोप्या जागी ठेवा, शोधू द्या आणि खेळ तिथेच थांबवा. मदत करायचीच तर कोडं सोपं करून करा, उत्तर सांगून नको. तुमच्या लॅबला ही बघत बसायची सवय मोडायला किती दिवस लागतील हे तुम्ही घरातल्या बाकीच्यांना गप्प ठेवू शकता का यावर आहे. एका घरात आजी प्रत्येक वेळी "मागे बघ बाळा" म्हणायच्या, आणि तो कुत्रा शोधायच्या आधी आजींकडेच जायचा.

वाऱ्याचा विचार फार कमी लोक करतात. आपल्याला वाटतं वास वस्तूपाशी असतो. तो तिथे सुरू होतो आणि हवेबरोबर पसरत जातो. जितका लांब तितका रुंद आणि विरळ. पंखा चालू असेल तर तो सगळीकडे ढवळला जातो, एसी असेल तर थंड हवेबरोबर खाली उतरून भिंतीपाशी साचतो. तुमच्या हॉलमधली हवा कुठून कुठे जाते ते बघायचं असेल तर कुत्र्याला फिरायला पाठवा आणि उदबत्ती लावून ठिकठिकाणी धरा. धूर आधी सरळ वर जाईल, मग एकाएकी बाल्कनीच्या दाराकडे झुकेल, सोफ्यामागे गोल गोल फिरत राहील. ते ध्यानात ठेवा. मग खिडक्या उघडून घर हवेशीर होऊ द्या. धुराच्या वासात खेळ नको. लादी पुसल्या पुसल्याही नको, फिनाईलचा वास सगळ्यावर मात करतो.

हे पाहिलं नसेल तर कुत्रा चुकतोय असं वाटत राहतं. कोथरूडच्या एका फ्लॅटमधली गावठी कुत्री आठवते. पनीर होतं जेवणाच्या टेबलाच्या एका खुर्चीखाली, आडव्या दांड्यावर. ती दारातून शिरली ती थेट समोरच्या पडद्याकडे गेली आणि पडद्याची खालची कड हुंगत बसली. मालकीणबाई म्हणाल्या, "हिला काही कळत नाही." स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, झुळूक टेबलाखालून पडद्याकडे जात होती आणि वास पडद्यात अडकून साचला होता. कुत्रीने पडदा डावीकडून उजवीकडे हुंगला, परत आली, मधे एकदा थांबली. तोंड मिटलं. मान अशी झटक्यात वळली, जणू कुणी कान धरून फिरवली. मग नागमोडी चालत, प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा अरुंद करत ती खुर्चीच्या पायापर्यंत आली, हुंगण्याचा आवाज भरभर व्हायला लागला आणि नाक दांड्याला टेकलं. मधल्या वेळात कुणी बोट दाखवलं असतं तर पडदा ते खुर्ची हा सगळा विचार वाया गेला असता.

तुमच्या कुत्र्यातही हेच बघा: मिटणारं तोंड, झटक्यात वळणारी मान, लहान होत जाणारी वळणं. लॅबचं शेपूट तसंही सारखं हलतं, पण वास पक्का झाला की त्याची लय बदलते आणि हालचाल बुडापासून व्हायला लागते. आठवडाभर नुसतं निरीक्षण केलंत तरी 'आता सापडणार' हे तुम्हाला आधीच कळायला लागेल. मला विचाराल तर या खेळातली निम्मी गंमत तीच आहे.

अवघड करायचं ते एका वेळी एकच. उंची वाढवलीत तर खोली तीच ठेवा. खोली बदललीत तर लपवणं पुन्हा सोपं करा. जमिनीवरून खुर्चीच्या बैठकीपर्यंत, मग त्याच्या डोक्याच्या वर. उंचावरचा वास खाली वेगळ्याच जागी उतरतो, त्यामुळे इथे बरीच कुत्री गोंधळतात, घाई नको. उघडं ठेवलेलं मग झाकून ठेवा. लपवून लगेच सोडण्याऐवजी दहा मिनिटं थांबा. थांबलं की वास लांबवर पसरतो, म्हणून लांबून सुगावा लागणं सोपं होतं, नेमकी जागा काढणं अवघड. तीनचार शोध, एकूण पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पिल्लू असेल तर दोन-तीन मिनिटं पुरेत. तो थकलाय हे ओळखायचं असेल तर बघा: जांभया, पाणी प्यायला जाणं, अंग खाजवत बसणं.

साहित्य विकत आणायची गरज नाही. कुरिअरची खोकी सगळ्यात उत्तम. टेप आणि पिना काढून टाका. सात-आठ खोकी उघडी मांडायची, एकातच खाऊ. रोज जागा बदलायची, पण खाऊचं खोकं वेगळं ठेवा. रिकाम्या खोक्यात कालचा पनीरचा वास राहिला तर तो तिथे थांबतो, आणि बरोबरच करतो. नंतर खोक्यात खोकं, चुरगळलेला कागद. जुना टॉवेल पसरून त्यात दाणे टाकून गुंडाळी करणं हेही चांगलं, मात्र कापड खाणाऱ्या कुत्र्याला नको. उशा फाडणाऱ्या तुमच्या पठ्ठ्याने कापूस गिळला नाही ना, हे आधी तपासा. गिळत असेल तर टॉवेल बादच. परदेशी व्हिडिओंत मफिनच्या ट्रेमध्ये चेंडू ठेवून खाली खाऊ लपवतात. त्याऐवजी लोक अप्पेपात्र घेतात, पण त्याचे खळगे लहान आणि जवळजवळ असतात, टेनिसचे चेंडू बसत नाहीत आणि लहान चेंडू लॅब गिळतो. इडलीपात्राची ताटली घ्या. चार खळगे, चार चेंडू, खाली फडकं म्हणजे लादीवर खणखणणार नाही. स्टीलच्या वाट्या उपड्या घालायचा मोह होतो, पण आवाजाने दचकलेला कुत्रा पुढचे चार दिवस वाटीजवळ फिरकत नाही.

माणूस शोधणं हा खेळ विसरू नका. एकाने कुत्र्याला धरायचं, दुसऱ्याने दाराआड किंवा पडद्यामागे उभं राहायचं, हाक न मारता. लॅबना हा पनीरइतकाच आवडतो, आणि यात कॅलरी शून्य.

कुठे लपवायचं नाही, हे मी जरा कडकपणे सांगतो. एरवी जिथे त्याने तोंड घालू नये असं वाटतं, तिथे कधीच नाही: चपलांचं कपाट, कचऱ्याचा डबा, ओटा, पलंगावरच्या उशा. आज तिथे पनीर सापडलं की उद्या तो तिथे न सांगता शोध घेईल. फ्रीजखाली आणि सिंकखाली नको, कारण आपल्याकडे तिथेच झुरळांचं जेल, खडू किंवा उंदराचं औषध असतं. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या असतील तर ती खोलीच बंद ठेवा. एखादी गोळी गिळली तरी कुत्रा गंभीर आजारी पडू शकतो. देवघराजवळ कापूर असतो, तोही विषारी. खाऊ म्हणून मनुका-बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेलं काहीही चालणार नाही, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई किंवा च्युइंगगम तर घरात जमिनीवर पडूच देऊ नका. किती तुकडे लपवले ते मोजा आणि तेवढेच सापडले का बघा. न सापडलेलं पनीर जुलैच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी मुंग्यांना सापडतं. घरात दोन कुत्री असतील तर एका वेळी एकच. खाऊवरून गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या शोधात लहान मुलांना उतरवू नका.

महिनाभर हे जमलं आणि तो तोंडाकडे बघायचा थांबला की लवंगेकडे वळा. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात पोलिसी कुत्री शिकवणाऱ्या काही प्रशिक्षकांनी पाळीव कुत्र्यांसाठी 'नोज वर्क' हा खेळ बांधला. त्यात आधी खाऊच्या खोक्यांवर शिकवून मग बर्च (थंड प्रदेशातलं एक झाड), अ‍ॅनिस (बडीशेपेसारखं बी) आणि लवंग या तिन्हींच्या तेलांचे वास ओळखायला लावतात. आपल्याला तेलाची गरज नाही, ते तीव्र असतं आणि नाकाला, जिभेला भाजतं. काचेच्या बरणीत दहा-बारा अख्ख्या लवंगा घाला, त्यात कान साफ करायच्या कापसाच्या काड्या टाकून झाकण लावा, एक-दोन दिवस राहू द्या. काडीला वास लागतो. ती काडी झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या पत्र्याच्या डबीत ठेवा, म्हणजे त्याला चावता येणार नाही. चिमट्याने उचला. ज्या हाताने लवंग हाताळली त्याच हाताने रिकाम्या डब्या हाताळू नका.

आधी डबी आणि पनीर एकत्र ठेवायचं. तो वासाने येतो, डबीवरच खातो. असं भरपूर वेळा झालं की एक दिवस नुसती डबी ठेवा. तो डबीपाशी थबकला, हुंगला, की त्याच क्षणी तिथेच पनीर द्या. बसून दाखव, भुंकून दाखव असलं काही मागू नका, थबकणं पुरे. स्वयंपाकघरात हा खेळ घेऊ नका, तिथे मिसळणाचा डबा आहे. आणि ज्या दिवशी मसालेभात असेल त्या दिवशी सुट्टी. जायफळ मात्र वापरू नका, ते कुत्र्यांना बाधतं. टी-ट्रीसारखी सुगंधी तेलंही नकोत.

लॅबच्या नाकाची ताकद किती, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबई पोलिसांचा झंजीर. पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला, डिसेंबर १९९२ मध्ये बॉम्बशोधक पथकात रुजू झाला आणि पुढच्याच मार्चमध्ये बॉम्बस्फोट मालिका घडली. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब सापडल्याची नोंद आहे. तुमच्या हॉलमध्ये झोपलाय तो त्याच जातीचा. उशा फाडतो यात नवल ते काय.

'पंधरा मिनिटं हुंगणं म्हणजे तासभर चालणं' असं वाक्य सगळीकडे फिरतं. ते मी मानत नाही. हुंगून कुत्रा शांत झोपतो हे खरं, पण दीड वर्षाच्या लॅबच्या स्नायूंना चालणं लागतंच. पाऊस उघडला की बाहेर काढा, आणि त्या वेळी घाईने ओढू नका. ओल्या मातीत वास चांगले धरून राहतात, त्याला एका झुडपापाशी दोन मिनिटं उभं राहू द्या. वीस मिनिटांचं फिरणं अर्ध्या अंतराचं झालं तरी चालेल. अगदीच बाहेर पडता येत नसेल तर तुम्ही येताना खिशात सोसायटीच्या बागेतली चार सुकी पानं, एखादी काडी आणा आणि खोक्यात ठेवून त्याला हुंगू द्या. कण्हेर आणि रुईची पानं तेवढी टाळा.

भुंकण्याबद्दल एक शंका आहे. आई-बाबा घरात असताना तो त्यांच्या मागे भुंकत फिरतो म्हणजे बहुधा कंटाळा आणि लक्ष वेधणं. पण घरात कुणी नसताना तो दार ओरबाडतो, लाळ गाळतो, जागच्या जागी शी-शू करतो असं असेल तर ती एकटेपणाची भीती असते. वासाच्या खेळांनी ती जाणार नाही. आधी पशुवैद्याला दाखवा.

आई-बाबांना वाकायला जमत नसेल, तर दुपारचा खेळ बसूनच करता येतो. सकाळी कामाला निघताना तुम्ही पाच-सहा खोकी आणि इडलीची ताटली जेवणाच्या टेबलावर तयार करून ठेवा, दाण्यांचा मोजलेला डबा शेजारी. दुपारी चारच्या सुमाराला, चहाच्या आधी, तो एका खोलीत बंद असताना बाबांनी दोन खोकी स्टुलांवर आणि बाकीची सोफ्यावर मांडायची, आईंनी दार उघडून "शोध" म्हणायचं. मग दोघांनीही खुर्चीत बसून टीव्ही बघायचा, कुत्र्याकडे नाही. भुंकत असताना दार उघडायचं नाही. गप्प झाला की उघडायचं. पहिले तीन-चार दिवस तो भुंकून बघेल. तेवढे दिवस शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.